तीन टाके आणि एक

३ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या ओळीत "जिवंत आहेस का?" आणि शेवटच्या ओळीत "नसलीस तरी कळव." आहे, जिवंत आहे. फक्त गप्प आहे.

फोन का करत नाही, ते सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. आमच्या केंद्रात फोन फाटकाबाहेरच्या पेटीत ठेवावे लागतात. मागच्या वर्षी पाहणीला आलेल्या एका साहेबांचा फोन पिंजऱ्याजवळ दोनदा वाजला. दोनदाच. तेवढ्यात चार पिल्लांनी ती घंटा उचलली. मोठी झाल्यावर रानात सोडली, तर झाडावर बसून फोनसारखी वाजत राहिली. एकाही मादीने तो फोन उचलला नाही.

हसू नकोस. आमचा सगळा पेच हाच आहे. सोनकंठ म्हणजे मुठीएवढा, पिवळ्या गळ्याचा पक्षी. तुझ्या तरुणपणी त्यांचे थवे असायचे म्हणतात. झाडं गेली तसे तेही गेले. आता इतके थोडे उरलेत की रानात पिल्लाला गाणं शिकवायला मोठा नर जवळ नसतो. आपण जशी आईबापांची भाषा शिकतो, तसं त्यांचं गाणं असतं. ऐकायला मिळालं नाही, तर पिल्लू कानावर पडेल ते शिकतं. दोन वर्षं शोधून आम्हाला रानात एकच गाणारा नर सापडला, आणि तो कावळ्याची नक्कल करत होता. केंद्रातल्या नरांची तर बातच सोड. एक बादलीच्या कडीसारखा कुरकुरतो. माद्या मात्र थोड्या जुन्या उरल्यात आणि त्यांना खरं गाणं ठाऊक आहे. त्यामुळे त्या या असल्या नवरदेवांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

यंदा माझ्याकडे नऊ नर पिल्लं आहेत. मार्चमध्ये त्यांना रानात सोडायचं आहे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे केंद्रप्रमुख, स्पष्ट म्हणाल्यात, की या नवांपैकी एकाचाही संसार मांडला गेला नाही तर सोडणं कायमचं बंद, उरलेले पक्षी जन्मभर पिंजऱ्यात. आणि शिकवायला माझ्याकडे काय आहे? चाळीस वर्षांपूर्वीची एक टेप. तिच्यात गाणं कमी आणि खरखर जास्त.

आता कामाचं. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून आम्ही अंगभर राखाडी झगे घालतो. विकतचे झगे चालताना सळसळतात. आवाज न करणारे सात झगे शिवून देशील? माणूस दिसू नये एवढंच बघ.

तुझी,
टिटवी


१४ जुलै

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या आवाजाला कंटाळून शेजारी घर बदलून गेले, म्हणून तुझं नाव टिटवी पडलं. तीच तू आता तोंड मिटण्याचा पगार घेतेस! तुझ्या आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "आधी माहीत असतं तर मीच दिला असता."

सात झगे पार्सलने पाठवले आहेत. पण तू मापं काय पाठवलीस? "माणूस दिसू नये" हे माप नसतं, बाई. छाती, खांदा, उंची असं काहीतरी असतं. शेवटी सात पोत्यांना बाह्या लावल्यात. कापड जुन्या चादरींचं आहे, त्यामुळे मुंगीसुद्धा दचकणार नाही. खिसे आतून दिलेत.

आता तुझ्या पत्रातलं एक वाचून मी दोनदा चष्मा पुसला. मुठीएवढा, पिवळ्या गळ्याचा? अगं, असला एक माझ्याकडे रोज येतो. दुकानामागच्या अंगणात ते लाल फुलांचं मोठं झाड नाही का, त्याच्यावर. रोज सकाळी दहाच्या सुमाराला येतो, मान वाकडी करून मी काय शिवतेय ते बघतो, नापसंती दाखवतो आणि निघून जातो. कधी काही शिवायला टाकलं नाही, पण हजेरी चुकवत नाही. म्हणून मी आणि शेजारचा किल्लीवाला त्याला "गिऱ्हाईक" म्हणतो. गाणंही म्हणतो. आधी रिळावरून दोरा सर्रकन सुटावा तसा आवाज, मग दोन लांब शिळा, मग बरंच काही. मला वाटलं असतील असले पुष्कळ.

पुष्कळ नाहीत का?

मावशी


२१ जुलै

मावशी,

येतेय. मिळेल त्या बसने. त्याला हाकलू नकोस, बोलावू नकोस, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. किल्लीवाल्याला सांग, सकाळी नऊ ते बारा कानस बंद. हे पत्र पोचायच्या आधी बहुतेक मीच पोचेन, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

टि.


१९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझ्याकडून परतून तीन आठवडे झाले, तरी माझ्या केसांत अजून दोऱ्याचे तुकडे सापडतात.

तुझ्या अंगणातले ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. दुकानाचं दार ओढून, मशीन बंद करून आपण तिघं भिंतीला चिकटून बसलो होतो आणि किल्लीवाल्याला नेमकी तेव्हाच शिंक आली. बिचाऱ्याने ती उशीत दाबली. आणि मग तो आला आणि गायला. मावशी, चाळीस वर्षांच्या त्या खरखरीमागे जे असावं असा मी अंदाज करत होते, ते सगळं धुऊन पुसून समोर बसलं होतं. मी रडले ते तू पाहिलंस. मोठ्या बाईंना रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "परत लाव."

रोज पहाटे आणि संध्याकाळी आम्ही पिंजऱ्यांमागे ते लावतो. पहिले दहा दिवस पिल्लं नुसती ऐकत होती. अकराव्या दिवशी नऊ नंबरने घसा साफ केल्यासारखं केलं आणि तुझा तो रिळाचा "सर्र" काढला! आता नवांपैकी सात जण प्रयत्न करतात. पहिल्यांदाच बोलायला शिकणारी मुलं एका खोलीत कोंडल्यासारखा गोंधळ असतो. झगे उत्तम झालेत. खिशांबद्दल सगळ्यांनी तुला धन्यवाद सांगितलेत, मुक्याने.

एक गोष्ट विचारायची आहे. गाण्याच्या अगदी शेवटी चार ठोके येतात. टक टक टक, मग श्वासभर थांबा, मग एक टक. तसं ते पक्ष्यांच्या घशातून येणारं वाटत नाही, यंत्रासारखं कोरडं आहे. जुन्या टेपवर तो भाग खरखरीत बुडालाय, त्यामुळे ताडून बघता येत नाही. तुझं मशीन तर तेव्हा बंद होतं.

मावशी, तू त्याला खायला घालतेस का? खरं सांग. मी होते तेव्हा मशीनच्या पाटाखाली एक बटणाच्या डबीचं झाकण होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

टिटवी


२८ ऑगस्ट

चि. टिटवीस,

खोटं बोलायला मी तीनदा कागद घेतला आणि तीनदा फाडला. घालते. साखरेचं पाणी. सहा वर्षं झाली. थंडीत झाडाला फूल नव्हतं, ते बिचारं फांदीवर फुगून बसलं होतं. एक दिवस ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते वेळेवर हजर. मग मशीनच्या पाटावरच ठेवायला लागले, जवळून दिसावं म्हणून. तू रानातल्या प्राण्यांना खाऊ घालणाऱ्यांवर कशी तुटून पडतेस ते मला ठाऊक होतं, म्हणून तू आलीस तेव्हा झाकण लपवलं. पाठीमागे मुंग्यांनी चुगली केली.

आणि ते ठोके माझ्या मशीनचेच आहेत. कुठलीही शिवण संपवताना मी शेवटी तीन बारीक टाके घेते, मशीनचा पाय उचलते, कापड फिरवते आणि उलटा एक टाका घालते. माझ्या मास्तरांनी शिकवलेली गाठ आहे ती. चाळीस वर्षं तशीच घालते. टक टक टक, आणि टक. त्याने ती सहा वर्षं हातभर अंतरावरून ऐकली.

खरं सांगू? मला ते आधीच कळलं होतं. तो माझी नक्कल करतो असं मी किल्लीवाल्याला मिरवून सांगायची. "बघ, गिऱ्हाईक काम शिकलं." आता कळलं काय करून बसले ते. उरलेल्या एकुलत्या एका गवयाला मी साखर चारून शिलाई मशीन शिकवलं. तुझी ती फोनवाली पिल्लं आणि हा, फरक काय राहिला?

सकाळी मशीन चालवणं बंद केलंय. म्हणशील तर दुकान दुसरीकडे हलवते.

तुझी अपराधी,
मावशी


१२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

आधी ऊठ, तोंड धू आणि दुकान आहे तिथेच ठेव. तू नसतीस तर आमच्याकडे काय होतं? खरखर. बाकीची माणसं झाडं तोडून गेली आणि तू झाडाखाली बसून राहिलीस, एवढा हिशेब मला कळतो.

पण खायला घालणं थांबव. एकदम नको. पाणी रोज थोडं पातळ कर, मग एक दिवसाआड, मग बंद. झाडाला आता कळ्या असतील, त्याचं तो बघेल.

आम्ही चर्चा केली. मोठ्या बाई म्हणाल्या, माणसाचा डाग आहे, तो काढू. रेकॉर्डिंगमधून शेवटचे चार ठोके कापून टाकलेत. आजपासून पिल्लं बिनठोक्यांचं गाणं ऐकतात. वय लहान आहे, विसरतील.

तुझं अक्षर हल्ली मोठं झालंय आणि ओळी उजवीकडे घसरतात. डोळे दाखवलेस का?

टिटवी


४ ऑक्टोबर

चि. टिटवीस,

डोळे माझे, अक्षर माझं, ओळी माझ्या. घसरल्या तर घसरू देत.

साखर पातळ करत नेली. गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी चोच बुडवली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी दुधात पाणी घालताना पकडली गेले. आता झाकण रिकामं आहे. तरी येतो. आधी झाडावर फुलांत डोकं खुपसून बसतो, मग मान वाकडी करून दाराशी. एवढ्यानेही मला भरून येतं, म्हणजे बघ.

सकाळचं मशीन बंदच आहे. तेवढ्या वेळात काजं आणि बटणं हाताने करते. किल्लीवाला म्हणतो, "मावशी, गवयाच्या मैफिलीला तुम्ही मशीन बंद ठेवता, मी उधार किल्ली मागणाऱ्यालासुद्धा हळू आवाजात शिव्या देतो."

पिल्लं विसरली का ठोके?

मावशी


२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आठ जण विसरले! सगळं गाणं सुरेख म्हणतात, सर्र, शिळा, मधली ती उतरती लकेर, सगळं. फक्त नऊ नंबर विसरत नाही. तोच सगळ्यांत आधी शिकला होता, म्हणून पक्कं बसलं असावं. शेवटी टक टक टक, टक. मोठ्या बाईंनी त्याच्या नावापुढे "सोडण्यास अयोग्य" लिहिलंय. म्हणजे तो पिंजऱ्यातच राहणार. एवढा गोड गळा असून. मी त्याच्यापुढे झगा घालून उभी राहते आणि मनातल्या मनात माफी मागते.

तू डोळ्यांबद्दल उत्तर दिलं नाहीस. माझ्या लक्षात आलंय.

टिटवी


१८ डिसेंबर

आदरणीय ताई यांस,

मी शेजारचा किल्लीवाला. मावशी सांगतायत आणि मी लिहितोय. त्यांचं म्हणणं आहे की मी जसंच्या तसं लिहावं, मधे माझं घुसडू नये. (प्रयत्न करतो.)

चि. टिटवीस, मी मजेत आहे. (डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. उजव्याचं तीन आठवड्यांनी. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या, पण मी लिहितोय काय हे त्यांना आत्ता वाचता येत नाही.) थंडी बरी आहे. दुकान थोडे दिवस बंद ठेवलंय, विश्रांती म्हणून. (डॉक्टर म्हणाले वाकायचं नाही. आज सकाळी पलंगाखाली सुई शोधताना पकडलं.) जेवण वेळेवर होतं. (तुमच्या आई येऊन राहिल्यात. दोघी बहिणी दिवसभर भांडतात, त्यामुळे तब्येत सुधारतेय.)

गिऱ्हाईक रोज येतो. सकाळचं मशीन साडेतीन महिने बंद आहे तरी ठोके विसरलेला नाही. मावशींना तेवढंच वाईट वाटतं. डोळ्यावर पट्टी असताना तो गायला की त्या "टक" येईपर्यंत श्वास धरतात. (मीपण धरतो. का, ते माहीत नाही. ते आलं नाही तर चुकल्यासारखं वाटेल.)

तुझी मावशी. (आणि मी.)


२२ मार्च

प्रिय मावशी,

दोन नव्या डोळ्यांनी हे पत्र वाचते आहेस असं समजून लिहितेय. किल्लीवाल्याला माझा नमस्कार सांग. आमच्या केंद्रात त्याच्या पत्राचं जाहीर वाचन झालं, फाटकाबाहेर.

काल आठही जण सोडले. पहाटे पिंजऱ्याचं छत बाजूला सरकवलं. पहिले काही क्षण कुणी हललंच नाही. मग तीन नंबर उडाला, आणि त्याच्यामागे बाकीचे, जणू शाळा सुटली. दुपारपर्यंत टेकडीवरच्या झाडांतून पाच ठिकाणांहून गाणं येत होतं. मी झगा काढला, गवतावर उताणी पडले आणि ऐकत राहिले. त्या टेकडीवर कित्येक वर्षांनी आपलं गाणं म्हणणारा सोनकंठ आला.

आता बोलावणं गेलंय. माद्या येतात का बघायचं.

तुझी,
टिटवी


१८ एप्रिल

प्रिय मावशी,

माद्या येतात, आणि परत जातात.

लपण्याच्या तंबूत बसून मी बारा दिवस नोंदी घेतल्या. जुन्या जाणत्या माद्या आहेत, पायातल्या कड्यांवरून ओळखते मी त्यांना. नर गायला लागला की मादी जवळ येते, एक एक फांदी उतरत, अगदी दोन हातांवर. मान तिरकी करून पूर्ण ऐकते. गाणं संपतं. ती तशीच बसून राहते. दोन सेकंद, तीन सेकंद. आणि मग भुर्रकन उडून जाते. असं एकवीस वेळा झालं. मागच्या वर्षीच्या फोनवाल्यांजवळ तर कुणी फिरकलंही नव्हतं, म्हणजे आम्ही बरोबर रस्त्यावर आहोत. पण मग चुकतंय कुठे?

मे संपला की हंगाम संपला. काल मोठ्या बाईंनी मोठ्या, कायमच्या पिंजऱ्यांचे नकाशे टेबलावर काढून ठेवलेले दिसले.

टिटवी


२५ एप्रिल

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद. हे पत्र मिळताच उभ्या उभ्या वाच आणि मग बस.

तू लिहितेस, गाणं संपल्यावर ती बसून राहते. अगं वेडे, गाणं संपलेलं नसतंच, म्हणून बसून राहते! ट्रायलला उभं राहिलेलं गिऱ्हाईक असंच थांबतं, हात वर धरून, "झालं का?" म्हणून. मी चाळीस वर्षं तो चेहरा बघतेय. ती कशाची तरी वाट बघते. कशाची, ते तुम्ही कापून कचऱ्यात टाकलंत.

पण म्हटलं, हा माझा अंदाज, आणि तुझ्या मोठ्या बाईंना अंदाज चालायचा नाही. म्हणून नवे डोळे लावून चौकशीला निघाले. शहरातल्या अकरा शिंप्यांकडे गेले. प्रत्येकाला म्हटलं, शिवण संपव बघू माझ्यासमोर. कुणी मागेपुढे दोनदा करतो, कुणी दोरा हाताने बांधतो, एक तर नुसता कापतो. (त्याच्याकडे काही शिवायला टाकू नकोस.) तीन टाके, थांबा आणि उलटा एक, असं कुणी करत नाही. एकाने तर विचारलं, "मावशी, हे मधेच थांबायचं खूळ कुठून आणलंत?"

कुठून आणलं? मास्तरांकडून. मास्तर जाऊन बारा वर्षं झाली, पण मास्तरीणबाई आहेत, नव्वदीच्या. त्यांना विचारलं. त्या जे म्हणाल्या ते शब्दशः लिहिते. किल्लीवाला साक्षीला होता.

"अगं, तू शिकायला यायच्या कितीतरी आधी मास्तर सरळ टीप मारून दोरा कापायचे. शिवणी उसवायच्या. बायका दारात उभ्या राहून भांडायच्या. मग आम्ही त्या लाल झाडाखाली दुकान घेतलं, आता तुझं आहे तेच. तेव्हा झाड पिवळ्या गळ्याच्या पाखरांनी भरलेलं असायचं, शंभर शंभर. दिवसभर नुसता गलका. मास्तरांचा पाय आपोआप त्या तालावर पडायला लागला. पाखरं शेवटी तीनदा टकटक करायची, थांबायची, मग एकदा. मास्तरही तसंच करायचे, गमतीने. आणि काय सांगू, शिवण उसवायची थांबली! म्हणायचे, कुठे थांबायचं ते मला पाखराने शिकवलं."

शंभर पाखरं, टिटवे. माझ्या साखरेच्या कितीतरी आधी. गिऱ्हाईक माझ्याकडून काही शिकलेलं नाही. मीच त्याच्या आजोबांकडून शिकले, मास्तरांमार्फत. आधी सहा वर्षं मी फुकट मिरवले आणि नंतर आठ महिने फुकट रडले.

तो नऊ नंबर जिवंत आहे ना? मग पिंजरा उघड. वाट कसली बघतेस?

मावशी

ता. क. मोठ्या बाईंना पटलं नाही तर म्हणावं, एकदा बाही गाठ न मारता शिवून देते, घालून बघा.


११ मे

माझी लाडकी मावशी,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि बसले नाही. झगा न घालता मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत पळत गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. मास्तरीणबाईंचं म्हणणं तिसऱ्यांदा. मग म्हणाल्या, "हा पुरावा नाही." मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "पण तपासता येईल असं आहे." आणि स्वतः उठून त्यांनी नऊ नंबरच्या नावापुढचा शेरा खोडला.

तीस तारखेला त्याला सोडलं. पहिले दोन दिवस तो नुसता खात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तंबूत बसलो होतो. तो टेकडीच्या टोकाच्या झाडावर चढला आणि गायला. हिरव्या कड्याची मादी आली, तीच, आठ जणांना अकरा वेळा नाकारून गेलेली. फांदी फांदी उतरली. मान तिरकी. सर्र, शिळा, लकेर. आणि मग टक टक टक.

थांबा.

मावशी, तेवढ्या वेळात माझे केस पिकले असतील.

टक.

ती उडाली नाही. ती त्याच्याजवळ सरकली, पंख थरथरवले आणि चोचीने त्याला अशी ढुशी दिली की तो फांदीवरून पडता पडता राहिला. आणि माझ्या शेजारून हुंदक्यासारखा आवाज आला. बघते तर मोठ्या बाई तोंडावर झग्याची बाही दाबून हसत होत्या. मग त्यांना बाही पुरेना. तीन वर्षांत पहिल्यांदा केंद्राच्या हद्दीत माणसाचं मोठ्यांदा हसू ऐकू आलं, आणि ज्यांनी हसायची बंदी घातली त्यांचंच. मादी तरीही हलली नाही.

घरटं झालंय. टोकाच्या झाडावर, दोन अंडी. त्याहून मोठी गोष्ट ऐक. तीन नंबर आणि सात नंबर रोज जाऊन नऊ नंबरच्या शेजारच्या झाडावर बसतात, आणि सात नंबर शेवटी अडखळत टक टक करायला लागलाय. पहिलं वर्ष आहे, अजून शिकायचं वय आहे त्यांचं. म्हणजे आता शिकवायला माझ्या यंत्राची गरज नाही. मास्तर रानातच आहेत.

नकाशे कपाटात गेले. पुढच्या वर्षीही सोडायचं ठरलंय, आणि ऐक, त्यातल्या दोन माद्या तुमच्या शहराजवळच्या झाडीत सोडाव्यात असं मोठ्या बाईंच्या मनात आहे. गिऱ्हाइकासाठी स्थळ बघतोय म्हण ना.

मी तुझ्या गाठीला डाग म्हटलं. माफ कर.

तुझी,
टिटवी


२० मे

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्यांदा वाचलं. तुझी आई ऐकत होती, किल्लीवाला दारात उभा होता, आणि "थांबा" आल्यावर त्याने खरंच श्वास धरला. "टक" म्हटल्यावर त्याने कानशीचा ठोका दाराला दिला आणि गल्लीतल्या सगळ्यांना दुकानात बोलावलं. मास्तरीणबाईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "मास्तर असते तर पाखराकडून शिकवणीचे पैसे मागितले असते." मग म्हणाल्या, "की दिले असते?"

माफी कसली? डाग म्हणून आधी मीच कबूल झाले होते. आपण दोघी सारख्याच, कुठेही आपलाच हात दिसतो. स्थळ मात्र नीट बघ. आमचा मुलगा वक्तशीर आहे, निर्व्यसनी आहे, साखरही सोडलीय त्याने.

तुझ्या मोठ्या बाईंसाठी एक झगा पाठवतेय. यातली बाही दुप्पट लांब ठेवलीय, हसू दाबायला पुरेल.

काल जवळजवळ नऊ महिन्यांनी सकाळी दहाला मशीन सुरू केलं. गिऱ्हाईक आला, झाडावर बसला, मान वाकडी केली. मी सरळ शिवत गेले, टोकाला आले, तीन टाके घेतले, पाय उचलला, कापड फिरवलं आणि थांबले.

चौथा मी घातला नाही. तो त्याने घातला.

तुझी,
मावशी